बस्त्यातली लेन्स

माझी बहीण सुमन हिचं लग्न झालेलं आहे, याचा एकमेव पक्का पुरावा आज मिलिटरीच्या एका कचेरीत फायलीला टाचलेला आहे, आणि तो तिथवर पोचला तो राजूरच्या किसनकाका शिंप्यांमुळे. फोटो मी काढला, हे खरं. पण विहिरीत पडलेल्याला दोर टाकून वर ओढल्यावर त्यानं ‘मी वर चढलो’ असं गावभर सांगू नये. म्हणून आधी काकांचं नाव घेतो, मग माझी फजिती सांगतो.

मी नगरला एका फोटो स्टुडिओत कामाला आहे. कामाला म्हणजे अंधाऱ्या खोलीत प्रिंटा धुतो आणि दोरीवर वाळत घालतो. घरी आई धुणं वाळत घालते त्यात आणि यात फरक एवढाच, की तिच्या कामाला उजेड असतो. सातवीच्या परीक्षेत गणितानं मला सोडलं, मग मी शाळा सोडली, मग राजूरही सोडलं. नगर ते राजूर म्हणजे एसटीचा अख्खा दिवस, संगमनेरला गाडी बदलून. एवढ्या वाटेत बातमीसुद्धा अंग धरते. मी निघालो होतो प्रिंटा धुवायला. बातमी राजूरला पोचली ती ‘बबन फोटोग्राफर झाला’ अशी. ती मी पसरवली नव्हती. (खोडलीही नव्हती. दिवाळीला गेलो की लोक सरकून बसायला जागा करायचे. कोण खोडेल?)

सुमनचं लग्न ठरलं तेव्हा दादांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं, पत्र आलं. नवरदेव रघुनाथराव पलटणीत. लढाई संपून चार-पाच महिने झालेले, रजा मोजकी. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे त्यांना इगतपुरीला गाडी पकडायची होती. आणि त्यांच्या कचेरीला नवराबायकोचा जोडीनं काढलेला फोटो हवा होता. फोटो गेला की सुमनचं नाव कागदावर चढणार, नाही गेला तर नाही. त्यापुढं आईनं सांगितलेलं एक वाक्य दादांनी अर्धं लिहून खोडलं होतं. मी पत्र उजेडात धरून खोडलेलं वाचलं. ‘उद्या काही बरंवाईट झालं तर पोरीला’ एवढंच होतं. आणि शेवटी, घरचा फोटोग्राफर असताना भाड्याचा आणणार नाही.

दोन दिवस माझ्या हातून एक प्रिंट धड निघाली नाही. तिसऱ्या दिवशी मालकांनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं. मालक देवमाणूस, हसले नाहीत. कपाटातला जुना कॅमेरा काढून दिला, आठ दिवस रोज तासभर शिकवलं, उरलेल्या फिल्मचा वीसेक फोटोंचा तुकडा स्वतःच्या हातानं भरून दिला. फक्त त्या कॅमेऱ्याची लेन्स मागच्या पावसाळ्यात बुरशी लागून कामातून गेली होती. “डबा मी दिला,” मालक म्हणाले, “डोळा तेवढा तुझा तू बघ.”

डोळा बघायला पैसे हवेत. मी दादांना कळवलं. लग्नाच्या कापडाचा बस्ता खरं तर संगमनेरलाच बांधायचा होता, पण फोटोग्राफर नगरला म्हणून बस्ताही नगरला आला. त्याबरोबर दादा आले, आत्या आली आणि माझे धाकटे चुलते, तात्या, आले. तात्या भाव करायला बसले की दुकानदार आधी चहा मागवतो, मग पाणी, मग आपल्या थोरल्या भावाला. त्या दिवशी कापडबाजारात त्यांनी तीन थोरले भाऊ खर्ची पाडले आणि दिवस कलता कलता आम्ही लुगडी, धोतरं, टोप्यांची गाठोडी घेऊन कॅम्पाजवळच्या एका दुकानात शिरलो. बदली होऊन जाणाऱ्या साहेबलोकांचं जुनं सामान तिथं मिळायचं. 

दुकानातल्या चाचांनी टेबलावर फडकं अंथरून तीन लेन्स मांडल्या. एक बुटकी, तिच्यात सगळी खोली मावते. एक मधली, ती माणसाच्या डोळ्यासारखी बघते. आणि एक लांब, दोनशे नंबरची, ती पल्याडचं अल्याड आणते. बुटकीला मधोमध ओरखडा होता. मधली सगळ्यांनाच हवी असते, म्हणून महाग. लांब दोन वर्षं पडून होती, म्हणून स्वस्त. लग्नाला मधली न्या, दुसरीकडं बघू नका, असं चाचांनी सरळ सांगितलं. इतका सरळ दुकानदार पाहून तात्यांना लगेच संशय आला.

त्यांनी लांब लेन्स हातात घेतली, वीत लावून मोजली, मग मधलीला वीत लावली. मधली चार बोटं भरली.

“ही वीतभर, तर एवढ्याला. आन ही चार बोटं, ती हिच्या दुप्पट? आमी काय येडे हाव व्हय?”

मी धीर करून म्हणालो, “तात्या, लग्नात लांबची लेन्स जरा...”

“तू गप. तुला कापडातलं काय कळतंय?” (सकाळपासून ते कापडातच होते.)

लेन्स कॅमेऱ्याला लावून आत्यानं दुकानाच्या दारातून बाहेर बघितलं. रस्त्यापलीकडं भाजी घेत असलेल्या एका बाईच्या नथीतले मोती तिनं इथून मोजले. सात आहेत आणि त्यातला एक खोटा आहे, असं तिनं जाहीर केल्यावर मधल्या लेन्सचा विषय संपला. आपल्या बाजूनं तात्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, की चार बोटांची लेन्स गळ्यात घालून फिरलं तर वरपक्षाच्या नजरेत तरी भरेल का? 

सगळा दोष तात्यांचा नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. मीही तिच्यातून बघितलं. लांबच्या एका घराच्या गच्चीवर वाळत घातलेले पापड मला एकेक दिसले आणि मी भुललो. शिवाय ‘नाही, मधलीच हवी’ असं ठासून म्हणायला फोटोग्राफर लागतो. मी मान डोलावली. तात्यांनी आणखी घासाघीस करून वर एक चामडी टोपण फुकट मिळवलं आणि लेन्स बस्त्यात, विहीणबाईंच्या लुगड्याच्या घडीत, बांधली गेली.

लग्न आमच्या दारातच होतं. ओट्याला लागून अंगण, अंगणभर मांडव, मांडवापुढं उतार आणि उताराखाली वावराचा बांध. मंगलाष्टकं सुरू झाली तसा मी सगळ्यांना बाजूला सारत नवरानवरीच्या अगदी पुढ्यात जाऊन उभा राहिलो. तात्यांनी आसपासच्या चार पाहुण्यांना लेन्सची लांबी बोटानं दाखवली. मी डोळा लावला. आत फक्त एक कान होता. तोही धुक्यात असल्यासारखा. 

माणसांना कोपरानं ढकलत दोन पावलं मागं सरकलो. कानाला गाल फुटला. आणखी दोन पावलं. एक मुंडावळी, अर्धी मिशी. सुमनकडं वळवलं तर नथ आणि हनुवटी. सुमन आली की रघुनाथराव जात, रघुनाथराव आले की सुमन जाई. एका मांडवात, एका बोहल्यावर उभी असलेली माणसं, पण माझ्या कॅमेऱ्यात त्यांची गाठ पडेना. मागं सरकायला जागा नव्हती. मागं सबंध राजूर उभं होतं.

तेवढ्यात कानपिळीला मला बोलावलं. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि त्याबद्दल वरपक्षानं भावाला कापड द्यायचं, अशी रीत. मी गळ्यातला कॅमेरा न काढताच वाकलो, तशी लेन्स रघुनाथरावांच्या छातीवर आदळली. “मेव्हणं,” ते हळूच म्हणाले, “आमी आपल्याच बाजूचे हाओत. तोफ तेवढी फिरवा.” मला हसूसुद्धा आलं नाही. मी कान पिळला, त्यांनी शर्टाचं कापड दिलं, ते मी न बघताच बगलेत खुपसलं आणि वळलो. डोक्यात एकच होतं: मागं जायचं, जोडी मावेल तिथवर मागं जायचं.

आणि मी, बगलेत न उलगडलेलं कापड, कपाळाला आठ्या, असा मांडवातून ताडताड बाहेर पडून उतारावर एकटा जाऊन उभा राहिलो.

आमच्याकडं लग्नात एखादा माणूस मांडव सोडून लांब जाऊन एकटा उभा राहिला, तर त्याचा अर्थ कुणी विचारत नाही. तो रुसला. मग त्याची समजूत काढायची, मान द्यायचा, हाताला धरून परत आणायचं, आणि तो येईस्तोवर पंगतीत कुणी घास उचलायचा नाही. हे मला लहानपणापासून माहीत आहे. त्या दिवशी तेवढं आठवलं नाही.

जोडी ओट्यावर येऊन बसली होती. डोळा लावला, दोघं जवळजवळ मावत होती, आणि मधेच तात्या आले. हातात टॉवेल, टोपी आणि नारळ.

“बबन, कापड हलकं दिलंय, मलाबी दिसतंय. पन आपन पोरीकडचं. गिळायचं.”

मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मला जोडी दिसत नाही, म्हणालो. ते हलले नाहीत. रुसलेल्या माणसासमोरून हलायचं नसतं. तेव्हा मीच दहा पावलं आणखी मागं गेलो. तात्यांनी मांडवाकडं तोंड करून मान हलवली. पोराला लई लागलंय, असा त्याचा अर्थ.

दुसऱ्या फेरीला व्याही स्वतः आले. मागं त्यांचे दोन पुतणे, एकाच्या हातात नारळ, दुसऱ्याच्या हातात टेरिकॉटचं कापड. ते टेरिकॉट त्यांनी स्वतःच्या सदऱ्यासाठी घेतलेलं होतं, हे मला मागाहून कळलं. त्यांनी हात जोडले, चूक पदरात घ्या म्हणाले. मला इतकी लाज वाटली की खरं काय ते तोंडातून सरळ निघेना. मला फक्त लांब जायचं आहे, एवढंच बोललो. व्याह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी टेरिकॉट माझ्या खांद्यावर ठेवलं आणि मी नमस्कार करत करत मागं सरकत बांधावर चढलो.

टेरिकॉट खांद्यावर पडलेलं मांडवातून थोरल्या मामांनी बघितलं. मामांना सकाळी पंचा मिळाला होता. तोवर त्यांची काही तक्रार नव्हती. आता ते तडक आले आणि माझ्या शेजारी बांधावर बसले. खरेखुरे रुसून.

“भाच्याला टेरिकॉट आन मामाला पंचा. बरं केलंस बबन, तू तोंड फोडलंस.”

मामांपाठोपाठ गेल्या वर्षीच्या एका बारशातला अपमान आठवून चुलत आजोबा आले. मग पत्रिकेत नाव खाली छापलं म्हणून आणखी दोघं. थोड्याच वेळात बांधावर आम्ही पाच जण झालो आणि मी त्यांचा म्होरक्या. मी मांडवाकडं एक पाऊल टाकायला गेलो तर मामांनी माझं धोतर धरलं. “तू हाललास तर आमाला तोंड ऱ्हानार न्हाई.” मी ओरडून तात्यांना सांगायला गेलो की मी रुसलेलो नाही, तर बांधावरचे चौघं मोठ्यानं म्हणाले, हेच तर, रुसलेला माणूस असंच म्हणतो.

वर पंगत मांडलेली. पत्रावळीवरचा भात निवत चालला होता. वऱ्हाडाच्या ट्रकचा ड्रायव्हर भोंगा वाजवत होता, कारण घाट उजेडी उतरायचा होता. सूर्य डोंगराकडं सरकत होता आणि ओट्यावरचा उजेड पायरी पायरीनं कमी होत होता. ते फक्त मला कळत होतं.

तेव्हा आई उतरून आली. नारळ नाही, कापड नाही. माझ्यापासून चार हातांवर उभी राहिली.

“तुला काय पायजे ते मी देईन, बबन,” ती म्हणाली. “माज्या पाटल्या घे. पन पोरीचा फोटू काढ रं. त्यो उद्या जातोय.”

मला रडू यायला लागलं. तेच करतोय गं, असं म्हणायला तोंड उघडलं. आणि आईच्या खांद्यावरून बघतो तर सुमन आणि रघुनाथराव, गाठ मारलेली, स्वतः उतारावरून येत होते. थोरल्या भावाच्या पाया पडून त्याला परत न्यायला. दोघं जोडीनं, सरळ माझ्याकडं. मी कॅमेरा वर उचलला. सबंध जोडी पहिल्यांदाच चौकटीत बसली! बसली, आणि पुढं येत येत वाढायला लागली. मी मागं सरकलो. ती पुढं आली. मी आणखी मागं सरकलो, बांध संपला आणि मी पाठीवर खालच्या वावरात पडलो, लेन्स आभाळाकडं करून.

मांडवात हाहाकार झाला. बहीण पाया पडायला आली तर भाऊ बांधावरून उडी टाकून पळाला, असं राजूरनं डोळ्यांनी बघितलं. व्याह्यांनी टोपी काढून हातात घेतली. आता वऱ्हाड न जेवताच निघणार, हे मला खालूनसुद्धा दिसलं.

किसनकाका शिंपी त्या लग्नाला आले होते ते नवरदेवाच्या कोटाचा हूक तुटला म्हणून. गळ्यात टेप, कॉलरला सुई. ते वावरात उतरले, मला उठवलं, माझ्या गळ्यातला कॅमेरा काढला आणि एक डोळा मिटून सुमनकडं बघितलं. मग दहा पावलं मागं जाऊन बघितलं. मग आणखी दहा. मग खिशातून एक कागद काढून डोळ्याजवळ धरला, हळूहळू हात लांब केला आणि स्वतःशीच हसले.

“ह्यो रुसला न्हाई,” ते वर बघून म्हणाले. “ह्या दुर्बिनीला माज्यागत चाळिशी लागलीया. जवळचं दिसत न्हाई तिला.”

तात्यांनी विचारलं, “वीतभर असून?”

“वीतभर हाय म्हनूनच.”

पुढची दहा मिनिटं राजूरनं काकांचं ऐकलं. जोडीला त्यांनी परत ओट्यावर, उजेड होता त्या कोपऱ्यात उभं केलं. ओट्यापासून बांधापर्यंत टेपानं मोजत आले. (सवय. मोजल्याशिवाय त्यांना काही करता येत नाही.) मग बस्त्यातली चार लुगडी उलगडायला लावली, विहीणबाईंचंसुद्धा, आणि दोन्ही बाजूंनी ताणून माणसांना लुगड्यांच्या पलीकडं लोटलं. ओट्यापासून माझ्यापर्यंत मोकळी गल्ली तयार झाली. आणि ती लुगडी धरायला कोण? तर बांधावरचे चार रुसलेले. काकांनी एकेकाचं नाव घेऊन सांगितलं, की हे मानाचं टोक आहे, ऐऱ्यागैऱ्याच्या हातात देता येत नाही. थोरल्या मामांनी पंचा डोक्याला गुंडाळला आणि पहिलं टोक असं धरलं, की जणू गेली वीस वर्षं ते याच्याच बोलावण्याची वाट बघत होते.

काका गल्लीच्या मध्यावर उभे राहिले. माझा आवाज ओट्यापर्यंत पोचत नव्हता, म्हणून मी त्यांना सांगायचो, ते पुढं सांगायचे. जवळ या. अजून. नवरीनं मान वर करावी. जवानानं श्वास सोडावा. मग त्यांनी हात खाली केला आणि मी बटण दाबलं. तीनदा. चौथ्यांदा दाबलं तेव्हा फिल्म संपली होती.

वऱ्हाड जेवलं. ट्रक उजेडी घाट उतरला. रघुनाथराव पहाटेच्या गाडीनं गेले. मी नगरला येऊन ती फिल्म धुतली. तीनपैकी एक फोटो स्वच्छ निघाला. रघुनाथराव कवायतीला उभे असल्यासारखे ताठ, आणि सुमन तोंडाला पदर लावायचा विसरून हसतेय. मालकांनी तो बघितला, मोठा करून दिला आणि पैसे घेतले नाहीत. त्यांचाही मी ऋणी आहे. महिन्याभरानं रघुनाथरावांचं कार्ड आलं: फोटो पोचला, नाव चढलं. आईनं ते कार्ड दादांकडून तीनदा वाचून घेतलं, असं दादांनी लिहिलं होतं.

बाकीच्या फोटोंचंही सांगतो, कारण लपवून उपयोग नाही. अल्बम आमच्या ओट्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात. पहिल्या पानांवर एक कान, एक नथ आणि अर्धी मिशी आहे. त्यानंतर मात्र एकाहून एक सुरेख फोटो आहेत, कारण घाबरून माझं बोट बटणावरच होतं आणि माणसं मांडवातून निघताना नेमकी बेताच्या अंतरावर असायची. नारळ घेऊन निघालेले चिंतातुर तात्या. हात जोडून निघालेले व्याही. रागानं निघालेले मामा. आमच्या घरचा अल्बम बघून परका माणूस विचारतो, की हे लग्न होतं, की माझ्यावर चालून आलेला मोर्चा?

किसनकाका मात्र त्यात कुठंच नाहीत. त्यांनी मजुरी म्हणून काही घेतलं नाही. निघताना फक्त म्हणाले, “सवड झाली की माजाबी एक काढ. मशीनवर बसलेला.”

काका, हे कुणी तुम्हांला वाचून दाखवलं तर ऐका: मी तो फोटो काढणार. दुकानात, मशीनवर बसलेला, आणि मोठा करून चौकटीत घालून देणार. उशीर होतोय तो एकाच कारणानं. तुमच्या दुकानासमोर दहा फुटांवर पिठाची गिरणी आहे, आणि माझ्या लेन्सला तुम्ही सबंध दिसायचे तर मला गिरणीच्या मागच्या भिंतीपलीकडं उभं राहायला लागतं. म्हणजे एकतर मी मधली लेन्स घ्यायची, नाहीतर गिरणी पाडायची. तात्यांनी दोन्हींचा भाव काढलाय. गिरणी स्वस्त पडते म्हणतात.